पाच पौंडांचं कर्ज आणि भोकं पाडलेल्या पट्ट्या

इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या एका हिशेबनिसानं आपल्या दोन मुलांसाठी घरी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. त्यातून पुढे लाखो मुलांच्या हातात भौतिकशास्त्र आलं. 'मेकॅनो'चे जनक फ्रँक हॉर्नबी यांची ही गोष्ट.

बारावीची फिजिक्सची जर्नल आठवतेय? शेजारच्याच्या वहीतून उतरवलेली रीडिंग्ज, उत्तर जुळावं म्हणून उलटीकडून केलेलं गणित आणि शेवटी निष्कर्षाची ती ठरलेली ओळ. टॉर्कची व्याख्या आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असते. पण घट्ट बसलेला नट आखूड पान्याला दाद देत नाही आणि लांब दांड्याचा पाना लावला की मुकाट्यानं सुटतो, तो टॉर्कमुळेच, हे कुणीतरी हातात पाना दिल्याशिवाय कळत नाही. मुलांच्या हातात असा पाना देण्याचं काम सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसानं केलं. गंमत म्हणजे तो ना शिक्षक होता, ना शास्त्रज्ञ.

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म 15 मे 1863 चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडिलांचा किराणा मालाचा व्यापार होता. फ्रँकला शाळेत फारसा रस नव्हता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या पेढीवर रोखपाल म्हणून बसला. डोक्यात मात्र यंत्रं फिरत असायची. सॅम्युअल स्माइल्स यांचं स्वावलंबनावरचं पुस्तक वाचून तो भारावला होता. त्यात संशोधकांच्या चिकाटीच्या कहाण्या होत्या. त्या भरात त्यानं एकदा चालू केलं की कायम चालत राहील असं यंत्र बनवायला घेतलं. ते अर्थातच चाललं नाही. घर्षण ऊर्जा खातं आणि फुकटची ऊर्जा कुठूनच येत नाही. भल्याभल्यांना चकवणारा हा नियम त्या पोराला पुस्तकाऐवजी अपयशानं शिकवला.

1887 मध्ये हॉर्नबींनी क्लारा गोडेफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न केलं. रोलंड आणि डग्लस ही दोन मुलं आणि पॅट्रिशिया ही मुलगी झाली. 1899 मध्ये वडील गेले, पेढी बंद झाली. हॉर्नबींनी डेव्हिड एलियट यांच्या मांस आयात करणाऱ्या कंपनीत हिशेबनिसाची नोकरी धरली. दिवसा खतावण्या आणि संध्याकाळी घरातलं छोटंसं वर्कशॉप, असा दिनक्रम सुरू झाला.

क्रेन मोडायची कशाला?

मुलांसाठी ते पत्रा कापून पूल, ट्रक, क्रेन बनवायचे. पण प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागत. त्यात वेळ जायचा आणि खेळणं जुनं झालं की सगळी मेहनत वाया. याचं उत्तर आपल्याला एका रेल्वे प्रवासात, डोक्यात क्रेनचा विचार घोळत असताना सुचलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं होतं. प्रत्येक भाग एकाच खेळण्यासाठी कापायचाच कशाला? पट्ट्या ठरावीक मापाच्या ठेवायच्या, त्यांना ठरावीक अंतरावर सारखी भोकं पाडायची आणि नट-बोल्टनं जोडायच्या. म्हणजे आजच्या क्रेनचा उद्या ट्रक होईल आणि परवा पूल.

पट्टी अर्धा इंच रुंद आणि दोन भोकांच्या मधलं अंतरही अर्धा इंच. कल्पना एवढीच, पण खरी हुशारी भोकात होती. त्यातून बोल्ट गेला की ते जोड व्हायचं आणि दांडा गेला की तेच भोक आसाचं बेअरिंग व्हायचं. त्यामुळे खेळणं नुसतं उभं राहत नव्हतं, ते फिरत होतं. बिल्डिंग ब्लॉक्स आणि हे यांच्यात मोठा फरक होता तो इथेच.

पेटंट घ्यायचं तर पैसे हवे होते, आणि हिशेबनिसाच्या पगारात ते बसत नव्हते. हॉर्नबींनी थेट साहेबांकडेच, एलियट यांच्याकडे, पाच पौंड उसने मागितले. जानेवारी 1901 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. वय 37, पदरात संसार आणि खिशात उधारीचे पैसे. पेटंटच्या शीर्षकात त्यांनी खेळणं आणि शैक्षणिक साधन हे दोन्ही शब्द घातले होते. हे साधं खेळणं नाही, याची त्यांना पहिल्या दिवसापासून खात्री होती.

एलियट यांनी पैसे तर दिलेच, शिवाय ऑफिसशेजारची जागा दिली आणि ते भागीदारही झाले. 1902 मध्ये पहिले संच बाजारात आले. नाव होतं 'मेकॅनिक्स मेड इझी', म्हणजे यंत्रशास्त्र सोपं करून. किंमत साडेसात शिलिंग. आत सोळा प्रकारचे भाग आणि बारा मॉडेल्स कशी बनवायची हे सांगणारं पत्रक. भाग ओबडधोबड होते आणि दुकानदारांना हे प्रकरण काय आहे तेच कळेना. तेव्हा हॉर्नबींनी लिव्हरपूलमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांना संच दाखवला आणि त्यांच्याकडून शिफारसपत्र मिळवलं. 1903 मध्ये सुमारे 1,500 संच खपले, पण नफा शून्य. पहिला नफा दिसायला 1906 उजाडलं.

1907 मध्ये 'मेकॅनो' हे सुटसुटीत नाव नोंदवलं गेलं. बाहेरून येणारे भाग मनासारखे नसत, म्हणून हॉर्नबींनी नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढला. पुढच्या वर्षी कंपनी स्थापन झाली तेव्हा एलियट बाजूला झाले. आता बुडालं तरी त्यांचं आणि तरलं तरी त्यांचंच. 1914 मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

गाडी बनवा, फिजिक्स आपोआप येईल

यात मूल नेमकं शिकायचं काय? मेकॅनोची गाडी बनवतोय असं समजा. संचात 19 दात्यांचं छोटं चाक आहे आणि 57 दात्यांचं मोठं. दोघांचे दांडे दोन भोकांच्या, म्हणजे एक इंचाच्या अंतरावर बसवले की दाते बरोबर एकमेकांत अडकतात. छोटं चाक तीनदा फिरवलं की मोठं एकदाच फिरतं. वेग एक तृतीयांश झाला. पण घर्षणात जाईल तेवढं सोडलं तर फिरवण्याचं बळ तिप्पट झालं. मघाशी उतारावर अडकणारी गाडी आता रडतखडत का होईना, चढते. आपल्या गिअरच्या सायकलवर किंवा पहिल्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या एसटीत हेच घडत असतं.

पुढचा धडा वळणावरचा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्याला घट्ट बसवली तर एक चाक घसटत जातं. यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल. मेकॅनोनं गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलसकट चालणारा मोटारीचा अख्खा सांगाडा बनवण्याच्या सूचना छापल्या होत्या. वर्गात फळ्यावर तासभर काढूनही न समजणारी ही गोष्ट गाडी हातात धरून एक चाक बोटानं अडवलं की क्षणात कळते.

आणि चुकलं तर? बोल्ट जास्त आवळला तर चाक फिरत नाही, सैल ठेवला तर गाडी विस्कटते. लाल पेन घेऊन कुणी उभं नसतं. गाडीच सांगते, पुन्हा कर.

यशाची दुसरी बाजू

1916 मध्ये 'मेकॅनो मॅगझिन' सुरू झालं, 1920 मध्ये हॉर्नबी रेल्वे आली. हॉर्नबी कोट्यधीशांच्या रांगेत बसले. 1931 मध्ये लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून खासदारही झाले.

पण ही गोष्ट सगळीच गुळगुळीत नाही. मेकॅनोच्या जाहिराती बोलायच्या त्या फक्त मुलग्यांशी. खोक्यांवर चित्रं मुलग्यांचीच. बिन्स रोडच्या कारखान्यात मात्र असंख्य बायका-मुली राबत होत्या. ज्यांचे हात रोज हे भाग हाताळत होते, त्यांच्यासाठी हे खेळणं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मुलींना यंत्रातलं कळत नाही, हे वाक्य मुळात नैसर्गिक नव्हतं. ते अशा खोक्यांवरून छापून घराघरांत गेलं.

दुसरी गोष्टही विचार करायला लावणारी. 1930 च्या दशकात कंपनीनं मोटारगाड्या बनवायचा वेगळा संच काढला, पण त्यातले भाग आधीच गाडीच्या आकारात घडवलेले. त्यातून गाडीच व्हायची, पूल नाही. मग आल्या 'डिंकी' गाड्या. त्या सुरुवातीला हॉर्नबी रेल्वेच्या सोबतीला म्हणून काढल्या होत्या. छोट्या, सुंदर, स्वस्त आणि पूर्ण तयार. त्या प्रचंड खपल्या. उघडून, जोडून शिकवणाऱ्या माणसाच्या कंपनीला जोडायची गरजच नसलेली गाडीही तितकीच फळली. 21 सप्टेंबर 1936 ला हॉर्नबी गेले. बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला.

उरलं काय? हॉर्नबी हयात असतानाच, 1934 मध्ये, मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांतून डिफरन्शियल समीकरणं सोडवणारं यंत्र उभारलं. अणूच्या रचनेची गणितं खेळण्यातल्या चाकांवर सुटली. 1996 चे रसायनशास्त्राचे नोबेल विजेते हॅरी क्रोटो आपल्या घडणीचं मोठं श्रेय मेकॅनोला देत.

आपल्याकडे एक अडचण होती. असा संच परवडणार किती घरांना? पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण प्रकल्पात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या उभ्या केल्या. तो गरिबांचा मेकॅनोच होता. खोकं नाही, त्यामुळे खोक्यावर मुलग्याचं चित्रही नाही. पुढे पुण्यातच आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं.

दिवाळीत भाच्याला किंवा भाचीला रिमोटची गाडी देणार असाल तर देऊन टाका. फक्त ती बंद पडली की फेकू नका. मोटर, चाकं, गिअर काढून घ्या, पुठ्ठा घ्या, शेजारी बसा. पहिली गाडी चालणार नाही. तिथूनच तर सुरुवात होते.