डॉ. फिलीप पिनेल : जीवन परिचय



मागच्या महिन्यात माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला गाठलं. त्याचे आजोबा दवाखान्यात होते. रात्री त्यांना भ्रम व्हायचा, ते सलाईनची नळी ओढायचे, म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधले होते. मुलाने ते पाहिलं. आजोबांनी काय चूक केली होती, एवढंच त्याला माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं. बांधतात ते चोराला, असं त्याच्या मनाने धरलेलं. मला पटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून आज आपण अशा एका डॉक्टरांची ओळख करून घेऊया, ज्यांच्या आयुष्यात हाच प्रश्न मध्यभागी होता.

बालपण आणि शिक्षण

फिलीप पिनेल यांचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात झाला. वडील शल्यवैद्य होते. पिनेल यांनी आधी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले, पण पुढे ते वैद्यकाकडे वळले. १७७३ साली तुलूझ येथे त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. १७७८ मध्ये ते पॅरिसला आले, तर तिथे त्यांची पदवीच मान्य होईना! मग अनेक वर्षे त्यांनी गणिताच्या शिकवण्या घेतल्या, वैद्यकाच्या ग्रंथांची भाषांतरे केली, लेख लिहिले आणि पोट भरले.

याच काळात त्यांच्या एका जवळच्या मित्राला मानसिक आजार झाला आणि त्यातच तो गेला. हे दुःख पिनेल यांच्या मनातून गेलं नाही. इथूनच ते मनाच्या आजारांचा अभ्यास करू लागले.

बिसेत्रमधील साखळ्या

१७९३ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पिनेल यांची पॅरिसजवळच्या बिसेत्र या पुरुषांच्या संस्थेत डॉक्टर म्हणून नेमणूक झाली. दवाखाना, अनाथालय आणि तुरुंग असं सगळं तिथे एकत्र होतं. मानसिक रुग्णांपैकी काही जण वर्षानुवर्षे साखळ्यांनी जखडलेले होते. त्या काळी बहुतेकांना वाटायचं, की हे लोक बरे होणारच नाहीत, ते धोक्याचे आहेत, म्हणून बांधायलाच हवेत.

आता इथे एक महत्त्वाची गोष्ट. पिनेल आले आणि त्यांनी स्वतः साखळ्या तोडल्या, अशी कथा आपण वाचतो. त्यावर मोठमोठी चित्रेही काढली गेली. त्यातलं एक प्रसिद्ध चित्र १८७६ सालचं आहे, म्हणजे पिनेल यांच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी काढलेलं! खरी हकिगत थोडी वेगळी आहे आणि मला तरी ती जास्त आवडते.

बिसेत्रमध्ये झां-बाप्तिस्त प्युसां नावाचे एक देखरेख करणारे गृहस्थ होते. मूळचे कातडी कमावणारे. गंडमाळेच्या आजारामुळे ते स्वतः तिथे रुग्ण म्हणून आले, बरे झाले आणि तिथेच कामाला लागले. वैद्यकाचं शिक्षण त्यांच्याकडे नव्हतं. पण रुग्णावर हात उगारायचा नाही, असा त्यांचा कडक नियम होता. जो सेवक मारहाण करील, त्याला ते कामावरून काढत. बऱ्या झालेल्या रुग्णांना ते सेवक म्हणून नेमत, कारण आजार काय असतो हे त्यांना ठाऊक असे. त्यांच्या पत्नी मार्गरीतही या कामात होत्या.

पिनेल यांनी काय केलं? पदवीचा ताठा बाजूला ठेवून ते या माणसाकडून शिकले. रोज रुग्णांमध्ये फिरले, त्यांच्याशी बोलले, नोंदी ठेवल्या. १७९५ मध्ये त्यांची बदली सालपेत्रिएर या स्त्रियांच्या संस्थेत झाली. त्यानंतर १७९७ मध्ये बिसेत्रमधल्या साखळ्या प्युसां यांनी काढल्या. पुढे सालपेत्रिएरमध्येही साखळ्या निघाल्या आणि १८०२ मध्ये पिनेल यांनी प्युसांना तिथे बोलावून घेतले. आपल्या ग्रंथात पिनेल यांनी प्युसांचं श्रेय मोकळेपणाने मान्य केलं आहे. साखळ्या तोडल्याची कथा मात्र नंतरच्या लोकांनी एकट्या पिनेल यांच्या नावावर चढवली.

काम अपुरेच राहिले

साखळ्या गेल्या तरी बांधणं थांबलं नाही, हेही मुलांना सांगायला हवं. रुग्ण फारच अनावर झाला, तर लांब बाह्यांचा जाड अंगरखा घालून त्याचे हात जखडत. पुढे इंग्लंडमध्ये डॉ. जॉन कोनोली यांनी १८३९ साली हॅनवेलच्या मोठ्या मनोरुग्णालयात असले अंगरखे आणि पट्टेही बंद करून दाखवले. त्यासाठी त्यांना पुरेसे आणि शांत स्वभावाचे सेवक लागले. दोरीची जागा माणसाने घेतली, एवढंच!

पिनेल यांचे निधन २५ ऑक्टोबर १८२६ रोजी पॅरिस येथे झाले.

आज आपल्याकडे

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू शकले नाहीत, ते तिथेच गेले. पिनेल यांच्या नंतर पावणेदोनशे वर्षांनी!

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण बंदी केली आहे. शारीरिक बंधन घालायचेच झाले, तर रुग्णाला किंवा इतरांना होणारी तातडीची इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. माणसं कमी आहेत, एवढ्याच कारणानेही बांधता येत नाही. हा कायदा मनोरुग्णांसाठी आहे, पण घरातलं म्हातारं माणूस कुठल्याही दवाखान्यात असलं, तरी आपण हे विचारू शकतो : का बांधलं? किती वेळ? आमच्यापैकी कुणी जवळ बसलं तर सोडता येईल का?

पालकांनो, मुलांनी असं काही पाहिलं तर गप्प बसू नका. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, की आजोबांनी काहीच चूक केली नव्हती, ते आजारी होते. मग त्याच्या घरच्यांनी रात्री आळीपाळीने आजोबांजवळ बसायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी तो स्वतः त्यांचा हात धरून बसला होता. तेवढा वेळ पट्टी सोडलेली होती.