संत विन्सेंट डी पॉल आणि दाराशीं बसलेला याचक

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाच्या दारावर तोरणें चढलीं, पताका लागल्या, आणि त्याच दाराच्या पायऱ्यांशीं नेहमींची रांगही येऊन बसली. कोणी आंधळा, कोणी पांगळा, कोणी कडेवर पोर घेतलेली बाई, तर कोणी चांगला धडधाकट दिसणारा तरुण. मिस्सा आटोपून आपण बाहेर येतों, पुढें आलेला हात पाहतों आणि क्षणभर घुटमळतों. द्यावें कीं न द्यावें? दिलेला पैसा गुत्त्यांत गेला तर त्या पापाचा वांटा आपल्याकडे येतो काय? आणि न द्यावें, तर ज्या प्रभूला आतांच वेदीपाशीं नमन केलें तोच पायरीवरून रिकाम्या हातानें माघारीं जातो काय? हा वाद आपल्या घराघरांतून चालतो. बाप एक म्हणतो, मुलगा दुसरें म्हणतो, आणि तेवढ्यांत आई पदराच्या गांठीचें नाणें देऊन मोकळी होते. ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आमच्या पदरचें देऊं इच्छीत नाहीं. ज्यांचें उभें आयुष्य ह्याच प्रश्नाशीं झगडण्यांत गेलें त्या महात्म्याचें चरित्र संक्षेपानें सांगावें, म्हणजे वाचकांस आपलें उत्तर आपणच सांपडेल, अशी आमची आशा आहे.

संत विन्सेंट डी पॉल ह्यांचा जन्म फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, दाक्स शहराजवळील पूई नांवाच्या खेड्यांत, इ. स. १५८१ च्या सुमारास झाला. आईबाप साधे शेतकरी. सहा भावंडांत विन्सेंट तिसरा. लहानपणीं तो घरचीं मेंढरें व डुकरें राखीत असे. १६६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या चरित्रांत ह्या काळच्या दोन आठवणी दिल्या आहेत. दळण घेऊन येतांना वाटेंत कोणी दरिद्री भेटला तर पोतें सोडून तो त्यास मूठ मूठ पीठ देई. आणि एकदां थोडे थोडे करून सांठविलेले तीस सू त्यानें एका भिकाऱ्याच्या हातावर एकदम ठेविले. गुराख्या मुलाच्या दृष्टीनें ती सारी इस्टेटच होती.

परंतु हा मुलगा उपजतच संत होता असें मात्र कोणीं समजूं नये. बापानें त्याला दाक्स येथें शिकावयास ठेविलें होतें. एके दिवशीं बाप त्याला भेटावयास शाळेंत आला. बाप पायानें अधू, अंगावर जाडेंभरडें कापड. अशा माणसाचा मुलगा म्हणवून घेण्याची विन्सेंटला लाज वाटली व त्यानें भेटावयास जाण्याचें नाकारलें. ही गोष्ट दुसऱ्या कोणीं उघडकीस आणिली नाहीं. म्हातारपणीं आपल्याच मंडळीसमोर त्यांनीं ती पश्चात्तापानें कबूल केली. आम्हांस ती फार मोलाची वाटते. अनोळखी भिकाऱ्यास तीस सू देणें सोपें असतें, कारण नाणें दिलें कीं संबंध संपतो. ज्याचा आपणांवर हक्क आहे असा गरीब समोर उभा राहिला म्हणजे खरी परीक्षा होते.

१६०० सालीं, वीस वर्षांचे होण्याच्या आंतच, त्यांस गुरुदीक्षा मिळाली. चांगल्या उत्पन्नाची जागा मिळवावी व घरच्यांचें दैन्य फेडावें, हीच त्या वेळीं त्यांची मोठी इच्छा होती. १६०८ सालीं ते पॅरिसला आले व आपल्याच प्रांतच्या एका न्यायाधीशाबरोबर बिऱ्हाडास राहूं लागले. एके दिवशीं त्या गृहस्थाचे चारशें एक्यू चोरीस गेले आणि आळ आला तो आजारी होऊन खोलींत पडलेल्या विन्सेंट ह्यांजवर. त्या गृहस्थानें चारचौघांत त्यांची नाचक्की केली. विन्सेंट ह्यांनीं आपण निर्दोष असल्याचें सांगितलें व पुढें मौन धरिलें. कित्येक वर्षांनीं खरा चोर कबूल झाला. अपराध नसतां लोकांच्या नजरेंत लबाड ठरणें म्हणजे काय, हें त्यांनीं असें स्वतः भोगिलें. हात पसरणारा प्रत्येक जण ठक आहे असें मानण्याआधीं आपणही ही गोष्ट आठवावी.

१६१२ सालीं ते पॅरिसजवळील क्लिशी गांवचे विगार झाले, व नंतर गोंदी नांवाच्या सरदार घराण्यांत शिक्षक व धर्मगुरु म्हणून राहिले. पण त्यांच्या कार्याला खरें वळण लागलें तें १६१७ सालीं, शातियों नांवाच्या लहानशा गांवीं. एका रविवारीं ते मिस्सेची तयारी करीत असतां कोणीं येऊन सांगितलें कीं, गांवाबाहेरील एका घरांत सगळींच माणसें आजारी असून एकमेकांस पाणी देण्याचें सामर्थ्यही कोणांत उरलेलें नाहीं. विन्सेंट ह्यांनीं प्रवचनांत त्या घराची हकीकत सांगितली. दुपारीं ते स्वतः तिकडे निघाले, तों वाटभर लोकांची रीघ लागलेली. कोणी भाकरी घेऊन चाललेले, कोणी देऊन परतणारे, कोणी उन्हानें दमून झाडाखालीं टेकलेले. कोणीही धर्मगुरु हें दृश्य पाहून कृतार्थ झाला असता. विन्सेंट ह्यांच्या मनांत मात्र दुसराच विचार आला. आज ह्या घरीं इतकें अन्न आलें आहे कीं तें नासून जाईल, उद्यां काय? परवां काय? लोकांची दया मोठी होती, पण तिला शिस्त नव्हती.

कांहीं दिवसांतच गांवच्या बायकांची एक मंडळी त्यांनीं उभी केली आणि रोज एकीनें स्वयंपाक करून आजाऱ्यांस जेवूं घालावें अशी पाळी लावून दिली. त्या मंडळीची नियमावली आजही उपलब्ध आहे. ती वाचतांना आम्हांस फार नवल वाटलें. आजाऱ्याकडे हंसतमुखानें जावें, त्याचे हात धुवावे, जेवणाआधीं प्रार्थना म्हणावी, त्याला दोन घांस अधिक जातील असें प्रेमानें बोलावें, इतक्या बारीकसारीक गोष्टी त्यांत आहेत. ज्याच्या जवळ कोणी माणूस आहे त्याच्याकडे आधीं जावें, आणि जो अगदीं एकटा आहे त्याच्याकडे शेवटीं. म्हणजे त्याच्यापाशीं जास्त वेळ बसतां येईल. दान देणारा बहुधा देऊन लौकर निघण्याच्या घाईंत असतो. ह्या बायकांना विन्सेंट ह्यांनीं थांबण्यास शिकविलें.

१६२१ सालीं ते माकों नांवाच्या शहरांतून चालले असतां रस्तोरस्तीं भिकाऱ्यांच्या झुंडी त्यांस दिसल्या. ते सुमारें तीनशें होते. नाणीं वांटून पुढें जाणें शक्य होतें. पण ते तेथेंच राहिले. आरंभीं गांवकऱ्यांनीं त्यांस वेड्यांत काढिलें. रस्त्यानें जातांना लोक बोटें दाखवीत. त्यांनीं धर्मगुरु, अधिकारी व व्यापारी ह्या सर्वांना एकत्र आणून वर्गणी ठरविली व गरिबांची यादी केली. यादींतल्यांस दर रविवारीं भाकरी व पैसे मिळत. जो थोडें कमावूं शके त्याला त्याच्या मिळकतींत जेवढें उणें पडे तेवढेंच देत. अब्रूदार घरांतील जे लाजेनें मागत नसत त्यांच्या आजारपणांत गुपचूप मदत पोंचे. वाटसरूस एक रात्र आसरा व निघतांना दोन सू. ज्याची सोय झाली त्यानें मात्र पुन्हां रस्त्यावर हात पसरावयाचा नाहीं. पसरल्यास त्याचा वांटा बंद, आणि लोकांनींही त्यास भीक घालावयाची नाहीं. कार्य मार्गीं लागल्यावर शहरानें त्यांचा सत्कार करण्याचें योजिलें. तें कानीं येतांच ते गुपचूप निघून गेले.

येथें कोणी म्हणेल कीं, मग रस्त्यावर भीक घालूं नये हेंच विन्सेंट ह्यांचें मत ठरलें. पण क्रम नीट पाहावा. आधीं यादी, आधीं भाकरी, आधीं आसरा, मनाई त्यानंतर. भाकरीची सोय न करतां केवळ मनाई करणें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें.

पुढील चाळीस वर्षांचें कार्य सांगावयास एक ग्रंथ लागेल. १६२५ सालीं त्यांनीं मिशनच्या धर्मगुरूंचा संघ स्थापिला. १६३३ सालीं लुईझ द मारियाक ह्या विधवा साध्वीच्या साहाय्यानें सेवाकन्यांचा संघ सुरू केला. ह्या सेवाकन्यांची वाट प्रथम दाखविणारी मार्गरीत नासो ही गुरें राखणारी मुलगी होती. प्लेगनें आजारी असलेल्या एका बाईला तिनें आपल्या बिछान्यांत जागा दिली व त्याच रोगानें ती मरण पावली. युद्धानें उजाड झालेल्या लॉरेन प्रांताला १६३९ पासून त्यांनीं मदत पाठविली. ती पोंचविणारे बंधु मात्यू फाटक्या झोळींत हजारों लिव्र घालून, स्वतः भिकाऱ्याच्या वेषांत, लुटारूंच्या मधून पन्नासांहून अधिक वेळां सुखरूप गेले. पॅरिस येथील संत लाझारच्या मठांत रोज दोन गरीब म्हातारे विन्सेंट ह्यांच्या शेजारीं जेवावयास बसत. ज्या मुलाला पंगु बापाची लाज वाटली होती, तोच वृद्धपणीं गरिबांस आपल्या पंगतीला मानानें बसवीत होता.

१६५३ सालीं एका व्यापाऱ्यानें आपलें नांव गुप्त ठेवून एक लाख लिव्र त्यांच्या हवालीं केले. त्यांतून विन्सेंट ह्यांनीं वीस म्हातारे पुरुष व वीस म्हाताऱ्या बायका ह्यांच्यासाठीं एक घर उघडलें. त्यांस नुसतें बसवून न ठेवितां झेपेल तेवढें काम मिळावें म्हणून माग व हत्यारें आणून दिलीं. तेथील सुख पाहून पॅरिसच्या थोर स्त्रियांना वाटलें कीं, शहरांतील साऱ्या भिकाऱ्यांची सोय अशीच करावी. विन्सेंट ह्यांचा सल्ला निराळा होता. आरंभ शंभर-दोनशें माणसांनीं करावा, व जे आपखुषीनें येतील त्यांनाच घ्यावें. परंतु काम सरकारच्या हातीं गेलें. १६५६ च्या राजाज्ञेनें भीक मागणें बंद झालें, रस्त्यावर भीक घालणेंही बंद झालें, आणि शिपाई भिकाऱ्यांस धरून मोठ्या आश्रमांत कोंडूं लागले. त्या वेळीं पॅरिसांत चाळीस हजार भिकारी असल्याचा अंदाज होता. आंत आले ते चार-पांच हजार, आणि पुष्कळ जण शहर सोडून पळाले. त्या आश्रमाची धर्मसेवा विन्सेंट ह्यांच्या संघानें करावी अशी योजना होती. त्यांनीं राजाज्ञेविरुद्ध बंड केलें नाहीं. पण विचारविनिमय करून ती जबाबदारी त्यांनीं नाकारिली.

माकों येथील शिस्त आणि पॅरिस येथील कोंडवाडा ह्यांत बाहेरून पाहतां फरक थोडा. दोहोंकडे यादी, दोहोंकडे मनाई. पण एकीकडे गरीब हा घरचा माणूस होता, तर दुसरीकडे तो रस्त्यावरची घाण समजला गेला. आपल्याकडेही १९५९ सालीं मुंबई राज्यांत भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला व भीक मागतांना सांपडलेल्यास संस्थेंत अडकवून ठेवण्याची तरतूद त्यांत आली. म्हणून हा भेद जुन्या फ्रान्सपुरता नाहीं. तो आपणांसही ओळखावा लागतो.

२७ सप्टेंबर १६६० रोजीं, खुर्चींत बसल्या बसल्या, ह्या थोर सेवकानें देह ठेविला. १७३७ सालीं पवित्र सभेनें त्यांस संत म्हणून गौरविलें. १८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या तरुण मित्रांनीं पॅरिस येथें जें मंडळ काढिलें त्यानें ह्याच संताचें नांव घेतलें. तें मंडळ पुढें आपल्या देशांतही आलें, आणि गरिबाच्या घरीं जाऊन भेटणें हा त्याचा मुख्य नियम आहे.

आतां पुन्हां आपल्या पायऱ्यांकडे वळूं या. विन्सेंट ह्यांचें चरित्र आम्हांस असें सांगतें कीं, द्यावें कीं न द्यावें हा प्रश्न अर्धाच आहे. भुकेल्याचा हात रिकामा परतवूं नये. तीस सू देणाऱ्या मुलाची ती उदारता कधीं आटूं देऊं नये. पण नाणें देऊन सुटका झाली असेंही मानूं नये. त्या माणसाचें नांव काय, तो रात्रीं कोठें निजतो, त्याला दुखतें खुपतें काय, हें आपल्यापैकीं किती जणांनीं विचारलें आहे? आम्हीं स्वतः कित्येक वर्षें त्याच त्या म्हातारीच्या हातावर नाणें ठेविलें व तिचें नांव विचारलें नाहीं, हें येथें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष हें पताकांचें वर्ष नव्हतें. त्या वर्षीं दास मोकळा होई, व ज्याची जमीन गेली असेल तो आपल्या वतनावर परत येई. गरिबाला त्याची जागा पुन्हां मिळणें, हाच त्या सणाचा अर्थ होता. आपण कोणास जमीन देऊं शकणार नाहीं कदाचित्. परंतु येत्या रविवारीं मिस्सा आटोपल्यावर पायरीवर क्षणभर थांबावें, हात पुढें करणाऱ्यास नांव विचारावें, आणि तें नांव धर्मग्रामाच्या सेवामंडळाच्या कानीं घालावें, एवढें तर आपल्या हातीं आहे. शातियोंच्या बायकांनीं याहून मोठ्या गोष्टीनें आरंभ केला नव्हता.