तळणीचे ग्रहण आणि जॉन एव्हरशेड

माहूरहून उत्तरेकडे पैनगंगा ओलांडून शंभरएक किलोमीटर गेले की पुलगावजवळ तळणी हे लहानसे गाव लागते. सूर्याच्या अतिनील किरणांच्या अभ्यासात या गावाचे नाव कायमचे कोरले गेले, ते जॉन एव्हरशेड या हौशी निरीक्षकामुळे.

एव्हरशेड यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८६४ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. उदरनिर्वाहासाठी ते लंडनमध्ये नोकरी करीत आणि फावल्या वेळात केनली येथील स्वतःच्या वेधशाळेतून सूर्याचा वर्णपट अभ्यासत. १८९६ मध्ये ग्रहणासाठी ते नॉर्वेला गेले. पण ऐनवेळी ढगांनी घात केला. त्याच सफरीत त्यांची मेरी ऑर या खगोल अभ्यासिकेशी ओळख झाली. १९०६ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

दुसरी संधी वऱ्हाडात आली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश खगोल संघटनेच्या पथकाने तळणीला तळ ठोकला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्यातही सूर्याच्या कडेवरील वर्णावरणाचा तेजस्वी वर्णपट काही सेकंदच दिसतो. हात चुकला तर हजारो मैलांचा प्रवास वाया जाणार होता. या वेळी आकाश निरभ्र राहिले. एव्हरशेड यांनी घेतलेल्या छायाचित्रांत हायड्रोजनच्या रेषा जांभळ्या रंगापलीकडे, अतिनील भागात दूरवर उमटल्या. या रेषा एकमेकींजवळ येत जेथे संपतात, त्या ३६४.६ नॅनोमीटरच्या पुढेही प्रकाशाचा अखंड पट्टा आढळला. मुक्त इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अणुकेंद्राशी जोडला जाताना हा प्रकाश बाहेर पडतो, हे स्पष्टीकरण पुढे अणुविज्ञानाने दिले.

या कामाने नाव झालेल्या एव्हरशेड यांना तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत साहाय्यक संचालकपद मिळाले. १९०७ च्या जानेवारीत ते तेथे पत्नीसह दाखल झाले. सौरडागांत वायू भोवऱ्यासारखा फिरत असावा, असा त्या काळी तर्क होता. ५ जानेवारी १९०९ रोजी घेतलेल्या वर्णपटांत मात्र वेगळेच चित्र दिसले. डागाच्या काळ्या गाभ्याभोवतीच्या करड्या कड्यात वायू गाभ्याकडून बाहेरच्या दिशेने वाहत होता. वर्णरेषांच्या सूक्ष्म सरकण्यावरून त्यांनी हा वेग मोजला. ही गती आज जगभर 'एव्हरशेड परिणाम' म्हणून ओळखली जाते.

१९११ मध्ये ते संचालक झाले. १९१५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व १९१८ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. १९२३ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. तेथेही स्वतःची वेधशाळा उभारून त्यांनी निरीक्षणे चालू ठेवली. १७ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पृथ्वीच्या वातावरणातील ओझोन अतिनील किरणांचा मोठा भाग अडवतो. त्यामुळे जमिनीवरून मिळणारे दर्शन अपुरेच राहते. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या भारताच्या आदित्य-एल १ यानावर पुण्याच्या 'आयुका'च्या पुढाकाराने तयार झालेली 'सूट' ही अतिनील दुर्बीण आहे. डागांचे सक्रिय प्रदेश व तेथील सौरज्वाला ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात टिपते. तळणीत ग्रहणाच्या काही सेकंदांत गवसलेला तो पट्टा याच मर्यादेत येतो. त्यासाठी आता ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही.