भोपाळ पलटणीचा वीर छत्तासिंग

भोपाळच्या पश्चिमेस सिहोर हे गाव आहे. तेथे १८५९ साली उभारलेली पलटण १९०३ पासून ‘नववी भोपाळ इन्फन्ट्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यात निरनिराळ्या प्रांतांचे व धर्मांचे शिपाई असत. १८८६ साली कानपूरकडे जन्मलेला छत्तासिंग हा त्यांपैकीच एक.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. ही पलटण फ्रान्सला गेली आणि नव्ह शापेलच्या रणांगणावर तिची फार मोठी हानी झाली. पुढे तिला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, धाडण्यात आले. १९१६ हे साल तेथील हिंदी सैन्यास अत्यंत खडतर गेले. जनरल टाउनशेंड यांची फौज कुत येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्या सुटकेसाठी तैग्रिस नदीच्या काठाने दुसरी फौज निघाली. पावसाने जिकडे तिकडे चिखल झालेला. सपाट मैदानात आडोसा नाही. औषधोपचाराची व जखमींना हलविण्याची सोयही अपुरी.

१३ जानेवारी १९१६ रोजी वादी नावाच्या ओढ्यापाशी लढाई जुंपली. भोपाळ पलटणीचे प्रमुख अधिकारी घायाळ होऊन उघड्यावर पडले. छत्तासिंग आपली सुरक्षित जागा सोडून त्यांच्याकडे धावला. गोळ्यांचा वर्षाव चालू असताना त्याने त्यांची जखम बांधली आणि जवळच्या लहान कुदळीने माती खणून त्यांच्यापुरता आडोसा केला. जी बाजू उघडी राहिली तिकडे तो स्वतःच देहाची ढाल करून राहिला. असे पाच तास गेले. अंधार पडल्यावर त्याने मदत आणली व अधिकाऱ्यास सुरक्षित स्थळी पोहोचविले. या शौर्याबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायांना हे पदक मिळण्याची मुभा १९११ सालीच झाली होती.

कुतची सुटका मात्र झाली नाही. १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे तेरा हजार लोक शत्रूच्या हाती पडले. त्यांतील अनेक जण कैदेतच मेले. सुटकेच्या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार सैनिक मृत वा जखमी झाले.

छत्तासिंग २८ मार्च १९६१ रोजी कानपूर येथे निवर्तला. ते युद्ध परक्या सत्तेचे होते आणि ती मोहीमही फसली; परंतु संकटात पडलेल्या माणसाला सोडून न जाण्याचे त्याचे धैर्य त्यामुळे उणे ठरत नाही. शत्रूवर तुटून पडणे हे शौर्य खरेच. पण मरणाच्या छायेत पाच तास स्थिर राहून दुसऱ्याचे रक्षण करणे हे त्याहून कठीण होय. सिहोरचे नाव घेताना आपण या शिपायाचेही स्मरण ठेवावे.