वसंतराव नाईक आणि हमालाचा मालक



१ जुलै म्हणजे वसंतराव नाईक यांची जयंती, आपला कृषी दिन. दरवर्षी मुलं संकरित बियाणं आणि हरितक्रांतीवर भाषणं करतात. ती चांगलीच असतात, पण तीच ती! यंदा मुलांना नाईक साहेबांच्या काळातला हमालांचा कायदा सांगून बघा.

वसंतरावांचा जन्म १९१३ चा, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, गहुली या गावी, बंजारा समाजात. नागपूरला शिकून त्यांनी पुसदला वकिली केली. पुढे आमदार, मंत्री आणि १९६३ पासून ११ वर्षांहून जास्त काळ ते मुख्यमंत्री होते.

आता बाजार समितीतला पोती वाहणारा हमाल डोळ्यांसमोर आणा. सकाळी एका अडत्याकडे काम, दुपारी दुसऱ्याकडे. पोतं अंगावर पडून कंबर मोडली तर भरपाई कोणाकडे मागायची? कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता. पण भरपाई द्यायला मालक लागतो, आणि इथं तर जो तो हात वर करणार.

अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत अशा माथाडींची संघटना बांधून लढा दिला. १९६९ साली, नाईक मुख्यमंत्री असताना, माथाडी कायदा झाला. देशात वेगळाच म्हणावा असा हा कायदा! त्यानुसार मंडळं नेमली गेली. त्यात मालक, कामगार आणि शासन, तिघांचे प्रतिनिधी असतात. हमाल आणि व्यापारी दोघांनीही मंडळात नोंद करायची. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही भरतो. मंडळ हमालाला पगार देतं. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांची सोय त्या लेव्हीतून होते.

आणि भरपाईचं काय? कायद्यानं १९२३ चा कायदा नोंदणी झालेल्या हमालांनाही लावला. जिथं पगार मंडळ देतं, तिथं मंडळालाच मालक धरलं. मालक कोण, हा प्रश्न असा सुटला.

मात्र हे सगळं नोंदणी झालेल्यांसाठी आहे, हे विसरू नका. तुमच्या शाळेच्या पालकसभेला हमाली करणारे वडील येत असतील, तर नोंदणीचा विषय जरूर काढा. पण मुलांसमोर नको, बाजूला घेऊन बोला.

१९७२ च्या दुष्काळात गाजलेली रोजगार हमी योजनाही नाईकांच्याच कारकिर्दीतली. तिचा कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला सिंगापूरमध्ये वसंतरावांचं निधन झालं.