कमलाबाईंनी विचारलेला प्रश्न

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणींखेरीज एखाद्या थोर व्यक्तीविषयीही कोणीतरी लिहावे, असा निरोप आपल्या १९९६च्या दहावीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी लगेच डॉ. कमला सोहोनी हे नाव कळवले. शाळेत असताना मला हे नाव माहीत नव्हते. ते कळले २०२३ साली. १८ जूनला गूगलच्या पानावर त्यांचे चित्र आले होते आणि ऑफिसमध्ये चहाच्या वेळी मी सहज त्यावर क्लिक केले. पुढचा आठवडाभर त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत राहिले. एवढे का वाचावेसे वाटले, ते आधी सांगते.

बीबीतल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, मला ढोरांची डॉक्टर व्हायचे होते. मी आठवीत असताना आमच्या गोठ्यात म्हैस अडली होती. डॉक्टर यायला रात्रीचे अकरा वाजले. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून वगार सोडवली, बादलीत हात धुतले आणि बाबांशी सोयाबीनच्या भावाविषयी बोलत बसले. त्या रात्री माझे ठरले.

१९९८ साली बारावी झाले. पशुवैद्यकीयसाठी अर्ज केला, पण गुण कमी पडले. वर्षभर घरी अभ्यास करून पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा अर्ज भरला. या वेळी नाव प्रतीक्षा यादीत होते. बाबा आणि मी एसटीने चौकशीला गेलो. खिडकीमागच्या माणसाने माझ्याकडे न बघता बाबांना समजावले की हे काम मुलींना झेपत नाही, उद्या लग्न झाले की सरकारची जागा फुकट जाते, पोरीला दुसरे काहीतरी शिकवा. बाबा मान डोलावत राहिले. मी पायांकडे पाहत उभी राहिले. यादी कुठवर सरकली आहे, एवढेसुद्धा आम्ही विचारले नाही. गणिताचे गुण चांगले होते, म्हणून अभियांत्रिकीला गेले. त्या शिक्षणाने मला सगळे काही दिले, तक्रार नाही. पण तेव्हा माझा क्रमांक लागला असता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

आता कमलाबाईंविषयी.

त्यांचा जन्म १९११ साली इंदूरला, भागवत कुटुंबात झाला. मराठीतील थोर लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघेही बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले होते. टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेला तेव्हा सगळे टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. आपणही तिथेच जायचे, हे कमलाने लहानपणीच ठरवले असणार.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी त्यांनी उत्तम गुणांनी मिळवली आणि बंगळूरला अर्ज पाठवला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३०चे नोबेल मिळालेले, देशभर ज्यांचा दबदबा होता असे शास्त्रज्ञ. त्यांच्याकडून नकार आला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

बावीस वर्षांच्या मुलीने अशा वेळी काय करावे? घरी बसावे, दुसरा विषय घ्यावा, लग्न करावे, असे सल्ले तेव्हाही मिळतच असणार. कमलाबाई मात्र बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. माझ्या गुणांत काय कमी आहे आणि मुलींना घेऊ नये असे कुठल्या नियमात आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते. ते दिवस गांधीजींच्या चळवळीचे होते. दाद मिळेपर्यंत हटायचे नाही, अशा सत्याग्रहाच्या तयारीनेच त्या गेल्या होत्या. नियम तर कुठे नव्हताच. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये.

ही तिसरी अट वाचून मला राग आला. कमलाबाईंनाही आला होता. तरी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण आत गेल्याशिवाय काम दाखवता येणार नव्हते. मार्गदर्शक श्रीनिवासय्या अतिशय कडक होते. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. म्हणजे आपल्या गोठ्यातल्या आणि वावरातल्या गोष्टींवरच. वर्ष संपले तेव्हा रामन यांना त्यांचे काम पटले होते. कमलाबाईंची रीतसर नोंदणी झाली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. तिथे जीवनसत्त्वांवरील कामासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करायचे होते, पण तिथे एकही टेबल रिकामे नव्हते. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना दिले आणि स्वतः रात्री काम करायचे कबूल केले. एकीकडे जागा असून अटी घालणारी माणसे आणि दुसरीकडे जागा नसताना ती करून देणारा माणूस, दोन्ही त्यांनी चारपाच वर्षांत पाहिले.

नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्यासोबत बटाट्यावर काम करताना, वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, हे त्यांनी दाखवले. पेशी श्वसन करते, म्हणजे अन्नातली ऊर्जा मोकळी करते, तेव्हा इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवायचे काम हे द्रव्य करते. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसे. या संशोधनावरचा त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. स्त्रियांना विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व केंब्रिजने १९४८ साली, म्हणजे त्यानंतर नऊ वर्षांनी दिले.

तिकडे थांबता आले असते, पण त्या १९३९ सालीच परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ साली लग्नानंतर मुंबईचे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या ताटातल्या अन्नावर काम केले. डाळी, कडधान्ये आणि विशेषतः नीरा. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते आणि ती दिल्याने आदिवासी भागातील कुपोषित मुलांची व गरोदर बायांची तब्येत सुधारते, हे त्यांनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाच्या दर्जाबाबत त्या सल्ला देत. पहाटे डेअरीवर दुधाची कॅन घेऊन उभे राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरे वाटते.

एवढे करूनही संस्थेचे संचालकपद त्यांना सहज मिळाले नाही. अंतर्गत राजकारणात ते चार वर्षे लांबले. निवृत्तीनंतर कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामातून त्यांनी अन्नातल्या भेसळीविरुद्ध लोकांना जागे केले.

१९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार केला. परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांनी तो घडवून आणला होता. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. मी बारावी झाले ते हेच वर्ष.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अटी मान्य केल्या, नाव मिळवले, रामन यांच्या विद्वत्तेचा आदरही ठेवला, पण ते वागणे योग्य होते असे कमलाबाई कधी म्हणाल्या नाहीत. उतारवयातही जाहीर समारंभात त्यांनी सांगितले की केवळ बाई म्हणून झालेला तो अपमान आपण विसरू शकलो नाही.

त्यांचा आणि माझा नकार एकसारखा नव्हता, हे मला कळते. पहिल्या वर्षी माझे गुण कमीच होते. त्या नकाराला उत्तर एकच, पुन्हा अभ्यास. ते मी दिले. दुसऱ्या वर्षीचा नकार मात्र यादीचा नव्हता, खिडकीतल्या माणसाचा होता, आणि त्याला फक्त यादी दाखवा म्हणायचे होते. दोन नकारांतला हा फरक मला एकोणिसाव्या वर्षी कळला नाही. कमलाबाईंना बाविसाव्या वर्षी कळला होता.

गेल्या दिवाळीत बीबीला आले होते. भावाच्या गाईला ताप होता म्हणून डॉक्टरांना फोन केला, तर स्कूटीवरून पंचविशीतली एक मुलगी आली. तिने गाय तपासली, इंजेक्शन दिले आणि वहिनीने दिलेला चहा घेतला. मी तिला विचारले, प्रवेश कसा मिळाला? तिसऱ्या प्रयत्नात, म्हणाली, आणि हसली. मी तिला आतून लाडूंचा डबा आणून दिला.

आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या मुलींच्या हाती ही स्मरणिका पडेल. त्यांच्यासाठी एवढेच लिहिते. अर्ज परत आला तर आधी कारण विचारा. कारण गुणांचे असेल, तर पुन्हा अभ्यासाला बसा. दुसरे काही असेल, तर नियम दाखवा म्हणा. आणि चौकशीला बाबांबरोबर गेलात, तर खिडकीपाशी तुम्ही स्वतः बोला.