फाटक्या स्वराचा धनी : जिमी हेंड्रिक्स

महाविद्यालयाच्या अंकात चरित्र लिहायचे म्हटले की संत, देशभक्त किंवा शास्त्रज्ञ यांच्यापैकी कोणाची तरी निवड व्हायची, असा जणू दंडकच आहे. मी मात्र एका गिटारवादकाचे चरित्र लिहायला बसलो आहे. याला निमित्त झाले एका लहानशा खरेदीचे. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून मला माझ्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारसाठी फझ घ्यायचा होता. फझ म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडायचा, पायाने दाबून चालू-बंद करायचा एक डबा. जुन्या रॉक संगीतातला तो जाड, खरखरीत, फाटका स्वर त्यातून निघतो. वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसे. आणि इथे तर पायानेच चालवायचे यंत्र! पण तो भाग सोडा. जर्मेनियमचा फझ घ्यावा की सिलिकॉनचा, हे मला ठरवता येईना. ज्याला विचारावे त्याच्या तोंडी एकच नाव, जिमी हेंड्रिक्स. तेव्हा खरेदी बाजूला ठेवून मी आधी त्या माणसाचे चरित्र वाचू लागलो.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिअॅटल शहरात झाला. आईवडील कृष्णवर्णीय, घरची अत्यंत गरिबी. वडील तेव्हा सैन्यात होते. जन्मतः ठेवलेले जॉनी अॅलन हे नाव वडिलांनी १९४६ साली बदलून जेम्स मार्शल केले. आईवडिलांचे पटले नाही. आई १९५८ साली वारली, तेव्हा जिमी अवघा १५ वर्षांचा होता. हातात वाद्य नव्हते त्या काळात हा मुलगा केरसुणी छातीशी धरून गिटार वाजवल्याचा आव आणी. पुढे वडिलांबरोबर एका घरातील अडगळ काढताना त्याला एक टाकून दिलेले युकुलेले सापडले. त्याला एकच तार उरली होती. त्या एका तारेवर तो ऐकलेली गाणी काढू लागला. मग पाच डॉलरची एक जुनी गिटार मिळाली आणि १९५९ साली वडिलांनी पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली.

जिमी डावखुरा होता. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाच्या हातावर चापट बसते. जिमीने आपला हात बदलला नाही, वाद्य बदलले. उजव्या हाताची गिटार उलटी धरून तो तिच्या तारा पुन्हा उलट क्रमाने बसवी. पुढे मोठा कलावंत झाल्यावरही त्याने ही रीत सोडली नाही.

चोरीच्या गाड्यांतून फिरताना पकडला गेल्यावर त्याच्यापुढे तुरुंग किंवा सैन्य असा प्रश्न उभा राहिला. १९६१ साली तो सैन्यात गेला, विमानातून छत्रीने उड्या मारण्याचे शिक्षण घेतले आणि १९६२ साली बाहेर पडला. सैन्यातच त्याची बिली कॉक्स या बास गिटारवादकाशी मैत्री जुळली. त्यानंतरची चार वर्षे म्हणजे निव्वळ उमेदवारी. आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा नामवंतांच्या मागे उभे राहून तो वाजवीत असे. आपल्याकडे गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसण्याची वर्षे असतात, तशीच ती होती. १९६६ साली न्यूयॉर्कमधील एका लहान कॅफेत अॅनिमल्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या चॅस चँडलरने त्याचे वादन ऐकले आणि सप्टेंबरमध्ये तो त्याला लंडनला घेऊन गेला. तिथे नोएल रेडिंग आणि मिच मिचेल यांच्यासह तिघांचा चमू उभा राहिला. वर्ष संपण्यापूर्वी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९६७ च्या मे महिन्यात पहिला अल्बमही आला.

आता फझकडे वळतो. या डब्याचा जन्मच एका बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचे मुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज यंत्रातील दोषामुळे फाटला. तो तसाच ठेवला गेला, आणि १९६१ साली ते गाणे गाजले. ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने तोच बिघाड हवा तेव्हा करता यावा म्हणून ट्रान्झिस्टरची मांडणी तयार केली. त्यातून १९६२ साली मेस्ट्रो फझ-टोन बाजारात आला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तो वापरला आणि मग त्याला खरी मागणी आली. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस काढला. मायक्रोफोनच्या स्टँडच्या गोल बैठकीवरून त्याचा आकार सुचला होता. आत अवघे दोन ट्रान्झिस्टर. हाच डबा पुढे हेंड्रिक्सच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

हा डबा काय करतो? तारेच्या कंपनातून निघालेली विद्युत्-लहर तो इतकी वाढवतो की ट्रान्झिस्टरला ती पेलत नाही. मग लहरीचे माथे आणि तळ छाटले जातात. गोलाई जाऊन लहर चौकोनी होते आणि मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर जागे होतात. आपल्याला ही गोष्ट अगदीच परकी नाही. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तार रुंद घोडीला निसटता स्पर्श करीत कंप पावते आणि स्वर झणझणू लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीचा अभ्यास करून त्यांतील उपस्वरांच्या श्रीमंतीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. दोन्हींची रीत वेगळी आहे, जवारी काही लहर छाटत नाही. पण शुद्ध स्वराला थोडे खरखरीत करून तो भरावदार करायचा, ही ओढ मात्र एकच.

जिमी हा डब्याचा गुलाम नव्हता, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. फझ चालू ठेवूनच तो गिटारवरचे आवाजाचे बटण कमी करी. त्यासरशी खरखर विरघळून स्वर स्वच्छ होई. बटण पुन्हा वाढवले की गर्जना. सारा खेळ बोटांत होता. १९६७ साली त्याला रॉजर मेयर हा तंत्रज्ञ भेटला. ब्रिटिश नौदल खात्यात कंपनशास्त्राचे काम केलेल्या या तरुणाने त्याच्यासाठी वरच्या सप्तकाचा स्वर जोडणारा ऑक्टेव्हिया हा डबा बनवला. 'पर्पल हेझ' या गाण्यातील एकल वादनात तो ऐकू येतो.

१८ जून १९६७ हा दिवस आपण भारतीयांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे त्या दुपारी पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांची मैफल झाली. त्याच रात्री, त्याच रंगमंचावर हेंड्रिक्सने अखेरीस आपली गिटार पेटवून दिली. पंडितजींना वाद्य जाळण्याचा तो प्रकार मुळीच रुचला नाही. मलाही तो रुचत नाही. मात्र १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवातील त्याचे वादन ऐकताना मी स्तब्ध झालो. महोत्सव लांबत गेल्याने त्याची पाळी सोमवारी १८ ऑगस्टच्या सकाळी आली, तोवर बहुतेक श्रोते परतले होते. उरलेल्यांसमोर त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या फाटक्या स्वरांत बाँब आणि किंकाळ्या ऐकू येतात. तिथे फझ हे खेळणे राहत नाही, भाषा होते.

यानंतर त्याला फार दिवस मिळाले नाहीत. २६ ऑगस्ट १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणगृहाचे उद्घाटन झाले. तेवीस दिवसांनी, १८ सप्टेंबरला, झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय २७. आमच्या वयाच्या मुलांना या अकाली मृत्यूचेही आकर्षण वाटते. मला त्यात आकर्षक असे काही दिसत नाही. बांधून झालेले घर आणि न वाजवलेले संगीत मागे राहिले, एवढेच दिसते.

आता माझ्या खरेदीचे. एका मित्राने त्याचा जर्मेनियमचा फझ मला एप्रिलमध्ये वापरायला दिला होता. सकाळी तो मधासारखा गोड वाजला. दुपारी आमच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा स्वर गुदमरल्यासारखा तुटू लागला. मी बॅटरी बदलली, तारा तपासल्या, पण दोष कशातच नव्हता. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून गळणारा विद्युत्प्रवाह दर १० अंश तापमानवाढीस अंदाजे दुप्पट होतो. ज्या तापमानावर तो जुळवला असेल त्याहून २० अंश वर गेले की गळती चौपट, आणि सारे गणित बिघडते. लंडनच्या थंड हवेत जे चालले ते कलबुर्गीच्या ४० अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात कसे चालावे? शिवाय या ट्रान्झिस्टरांत एकासारखा दुसरा नसे, म्हणून एकाच घडणीचे दोन डबे वेगळे वाजत. सिलिकॉनचा स्वर अधिक तिखट, पण उन्हाला दाद न देणारा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फझ फेसमध्येही सिलिकॉन आले आणि हेंड्रिक्सने तेही वापरले.

मी सिलिकॉनचा डबा घेतला. त्याचा तिखटपणा गिटारचे बटण थोडे कमी केले की बराच निवळतो, हे त्याच्याकडूनच शिकलो. मित्राचा डबा पावसाळ्यापूर्वी परत केला. त्या गोड सकाळची आठवण अजून येते, हे कबूल करतो. पण स्नेहसंमेलनाच्या दिवशी भर दुपारी मंडपात उभे राहायचे आहे, आणि आपल्या मुलखातले ऊन कोणाच्या आवडीनिवडीसाठी थांबत नाही. एका तारेवर ज्याने सुरुवात केली, त्याचे चरित्र वाचल्यावर सहा तारा हाती असताना तक्रार करण्याची लाज वाटते. तेव्हा डब्याचा विचार आता पुरे झाला. रोजचा दीड तास रियाज तेवढा उरला आहे.